पाकोळ्या आल्या की

ता. ६ मार्च

चि. सूनबाई हिस,

आशीर्वाद.

काल टपालवाल्याने पार्सल आणून दिलं. आत निघालं ते असं: फ्रॉक दोन, एक निळा, एक पिवळा. लोकरीचे मोजे एक जोड. रंगीत खडूंची पेटी एक. गोळ्यांची पुडी एक, त्यातल्या निम्म्या विरघळून मोज्यांना चिकटलेल्या. मोजे गरम पाण्यात भिजत घातलेत, निघतील. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून दंड मला भरावा लागला. त्यात आठवड्याची साखर आणि साबण आला असता. ते पैसे पाठवून देऊ नकोस. पुढच्या वेळी वजन करून तिकीट लाव म्हणजे झालं.

फ्रॉक अंगाला होत नाहीत. तू गेलीस तेव्हाच्या मापाचे आणलेस. शिवण उसवून दोन्ही बाजूंना पट्टी लावीन, कपडा बरा आहे.

पार्सलात चिठ्ठी नव्हती. बारकीने कागद उलटासुलटा केला, पिशवी झाडून पाहिली. मी म्हटलं, "घाईत राहिली असेल गं."

इकडे सर्व ठीक. तुझे सासरे बरे आहेत. पाटाच्या दारांवरची नोकरी सुटली तरी सकाळी उठून पाणी बघून येतात, जणू हे गेले नाहीत तर पाट उलटा वाहील. थंडी ओसरली. ओढ्याकाठच्या झाडांना तांबूस कोंब आलेत, पाणकोंबडी लव्हाळ्यात काड्या नेते आहे, आणि रात्री बेडकांनी नुसता उच्छाद मांडलाय. मी म्हटलं, डोळ्याला डोळा नाही. तर हे म्हणाले, "मला कुठे ऐकू येतंय? मी सुखी."

एक गोष्ट लिहायची होती. तू गेल्यावर बारकी रोज निजताना विचारायची, आई कधी येणार. रोज काय सांगणार? एकदा कंटाळून म्हटलं, "पाकोळ्या आल्या की येईल." तू गेलीस त्याच सुमाराला गोठ्यातल्या पाकोळ्याही गेल्या होत्या, म्हणून तोंडात आलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण त्या रात्रीपासून तिने विचारायचंच बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, फुकटात सुटले. आता लक्षात येतंय की ती विसरलेली नाही. सकाळी तोंडसुद्धा न धुता गोठ्यात जाते, तुळईवरची मातीची जुनी घरटी बघते आणि चुलीपाशी येऊन मला सांगते, "अजून नाही."

तेव्हा एवढंच, की महिनाअखेरीस दोन दिवस येऊन जा. पाकोळ्या एप्रिलच्या तोंडाला येतात. बसभाडं मी देईन. मागचं काही काढायचं नाही, तूही नाही, मीही नाही. पोरीचं मन राहील.

तुझी सासू


ता. १९ मार्च

चि. सूनबाई हिस,

आशीर्वाद.

तुझ्या चार ओळी पोचल्या. "आता आले तर तिला न्यायलाच येईन. दोन दिवस राहून तिला रडत सोडून फिरणं माझ्याच्याने होणार नाही." मॅट्रिक मीही आहे, एकदा वाचून कळतं, तरी तीनदा वाचलं.

नेणार कुठे? कारखान्याच्या मागच्या त्या एका खोलीत? तू शिवणयंत्रावर बसलीस की पोरीकडे कोण बघणार? बाहेरून कडी लावून जाशील? इथे तिला अंगण आहे, गाय आहे, आजोबा आहेत. तिचा बाप याच घरात वाढला. तो गेल्यापासून या घरात माणूस म्हणावं असं ती एकच उरली आहे. आम्ही दोघं म्हणजे नुसतं सामान. ती कुठे जाणार नाही. स्पष्ट लिहिते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. तू तिची आई आहेस, कोण नाही म्हणतंय? येऊन भेट. भेटायचं वेगळं आणि न्यायचं वेगळं.

हे तिला घेऊन रोज पाटाच्या कडेने जातात. दिसेल त्याचं नाव सांगतात. परवा पाण्याच्या काठाला एक पाखरू आलं, बारकी धावली.

"आजोबा, ही का?"

"नाही गं, हा धोबी. शेपटी बघ कशी आपटतोय."

"मग धोबी आला की कोण येतं?"

"कपडे," हे म्हणाले.

पोर हसली नाही. एरवी ह्यांच्या शिळ्या विनोदाला सुद्धा लोळून हसायची.

बगळे परतलेत. घुबडाच्या जोडीने पडक्या पंपघरात अंडी घातलीत असं ह्यांचं म्हणणं. सशाची पिल्लं बांधाखाली दिसली, तर बारकी म्हणाली, "त्यांची आई कुठेय?" हे म्हणाले, "आई लांब राहते, म्हणजे कोल्ह्याला पिल्लांचा पत्ता लागत नाही. दूध पाजायला येऊन जाते." ती विचारात पडली. घरी येऊन मला म्हणाली, "आजी, आपल्याकडे कोल्हा आहे का?" मी म्हटलं, नाही. खरंच नाही, आमच्या शिवारात कित्येक वर्षांत दिसलेला नाही.

शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, ती वर्गात उत्तरच देत नाही. पाच अधिक चार किती विचारलं, तर म्हणते, नंतर सांगते."

"कशानंतर?"

"ते मी तुम्हालाच विचारायला आलेय."

मी बाईंना दूध दिलं आणि गाईचा विषय काढला.

त्या रात्री बारकीला जवळ घेऊन म्हटलं, "बाळा, एखाद्या वर्षी पाकोळ्या येतच नाहीत." ती म्हणाली, "येतात. आजोबांना विचारलंय मी. ते नोकरीला लागले तेव्हापासून दर वर्षी येतात." इतक्या खात्रीने म्हणाली की मी विषय तिथेच सोडला.

तू दोन दिवसांसाठी ये. न्यायचा हट्ट सोड. उत्तराची वाट बघते.

तुझी सासू


ता. ५ एप्रिल

चि. सूनबाई हिस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. रोज टपालवाला फाटकावरून सायकल न थांबवता जातो. काल मीच त्याला थांबवलं, तर म्हणाला, "असतं तर मी काय घरी नेऊन वाचत बसलो असतो का?"

पाकोळ्या गुरुवारी आल्या. बारकी शाळेत होती. मी गाईला चारा टाकत होते, तर डोक्यावरून सुरी फिरवावी तसं काहीतरी गेलं. दोन होत्या. त्या लांब दुभागलेल्या शेपट्या, गळ्याखालचा तो तांबडा डाग. तुळईवर बसून बोलायला लागल्या, जशा काही परगावाहून आलेल्या बायका दारातच गप्पा काढून बसतात.

बरं झालं की पोर घरात नव्हती. गोठा झाडायला झालाच होता. जळमटं फार झाली होती. मी शिडी लावली आणि लांब झाडूने तुळई साफ केली. जुनी घरटी तशीही पडायला आली होती. दोन्ही दारं ओढून घेतली, वरच्या झरोक्याला गोणपाट ठोकलं. गाईला अंगणात बांधलं. बारकीला सांगितलं, गाईला खुरांचा आजार झालाय, औषध फवारलंय, गोठ्यात कुणी जायचं नाही. तिने विचारलं, "मग पाकोळ्या आल्या तर?" मी म्हटलं, "तर मी सांगेन की."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. आत शिरायला जागा नाही म्हणून बाहेर, वळचणीखाली, भिंतीला चिखलाचे थेंब चिकटवायला लागल्या. ओल्या मातीची एवढीशी चंद्रकोर झाली होती. मी तीही काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बारकी शाळेतून यायच्या आत काढायची, भिंत फडक्याने पुसायची आणि हात धुवायचे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आयुष्यभर खाली बघून चाललेली बाई मी. संध्याकाळी देवापुढे बसले तर पाठ असलेले शब्दही ओठांवर येईनात. चूक बरोबर ते मला कळतं, तू कळवायला नको. पण पोरीने त्या पाहिल्या आणि तू आली नाहीस, तर मी तिला काय तोंड दाखवू?

डिसेंबरातलं मनात धरून बसली असशील तर मी हात जोडते. एका दिवसासाठी ये. सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने जा. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतंय, पाकोळ्यांना यंदा उशीर झाला. रोज आभाळाकडे बघून म्हणतात, "कुठे अडकल्या कोण जाणे."

तार केलीस तरी चालेल.

सासू


ता. १४ एप्रिल

सूनबाई,

बारकी घरी आहे, सुखरूप आहे. हे आधी लिहिते. आता खालचं वाच.

शनिवारी मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले होते. परत आले तर बारकी ओट्यावर बसलेली. फ्रॉकचा ओचा धरून, आत काहीतरी. तुझाच निळा फ्रॉक, पट्टी लावलेला. मला बघून तिने ओचा सोडला. मातीचे गोळे पडले, वाडग्यासारखा एक अख्खा तुकडा, आत गवत आणि पिसं. काही माती अजून ओली होती. मी सगळं उकिरड्यावर शेणाखाली टाकलं होतं; कोंबड्यांनी उकरून काढलं.

"या कधी आल्या?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "ही मागच्या वर्षीची घरटी."

"ही ओली आहे."

मी धुण्याची बादली खाली ठेवली.

"तू त्यांना हाकललंस."

"अगं, घाण करतात त्या. गाईच्या अंगावर—"

"मग आईपण आली होती," ती म्हणाली. ओरडून नाही, हिशोब जुळला की आपण म्हणतो ना, तसं. "पाकोळ्या आल्या, म्हणजे आई आली होती. तिलाही तू हाकललंस?"

एका 'नाही'ने भागलं असतं. इतकं खोटं बोलले होते, त्यात आणखी एक. पण मला तू दिसलीस. डिसेंबरात, फाटकाच्या बाहेर, हातात पिशवी, तोंड थंडीने काळं पडलेलं. मी फाटकाला आतून हात लावून उभी होते. "झोपलीय ती, उठवू नकोस. तू जाशील निघून आणि आठवडाभर मला तिचं रडणं निस्तरावं लागेल." तू म्हणालीस, "नुसतं बघू द्या, आई. लांबून." मी म्हटलं, "शेवटची गाडी चुकेल तुझी." बारकी तेव्हा झोपलेली नव्हती. मागच्या खोलीत ह्यांच्याबरोबर शेंगा सोलत होती. तू तिचं हसणं ऐकलंस की नाही, हे मी अजून स्वतःला विचारते.

हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला कळलं.

रात्री जेवली नाही. मी मनाशी म्हटलं, सकाळी जेवेल.

सकाळी अंथरूण रिकामं. आधी गोठ्यात पाहिलं, मग शेजारच्या दूधवालीकडे. मग हे पाटाकडे पळाले. पळाले म्हणजे काय, त्या गुडघ्यांनी. मी त्यांच्या मागे. पाट भरून वाहत होता. हे दाराच्या लोखंडी जाळीपाशी वाकले, जिथे वाहून आलेला पालापाचोळा अडकतो, आणि काठीने तो बाजूला करायला लागले. या माणसाने त्या जाळीत काय काय बघितलंय मला माहीत आहे. मी काठावर मटकन बसले. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, जागचा हलत नव्हता, पाण्यात बघत होता. मी त्यालाच हात जोडले. देवाला जोडायचं धैर्य नव्हतं.

डेअरीची गाडी फाटकाशी येऊन थांबली तेव्हा ऊन वर आलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "आजी, हा नग तुमचाच ना?" बारकी पुढच्या सीटवर बसलेली, पिवळा फ्रॉक, पायात लोकरीचे मोजे आणि पावसाळी बूट.

"पुलाशी हात दाखवून थांबवलं मला," तो म्हणाला. "विचारते, शहराला जाते का गाडी? म्हटलं, डेअरीपर्यंत जाते. तर म्हणते, तिथून पुढे कुणाची जाते? डेअरीवर सगळ्यांना विचारून झालं तिचं. कुणी सांगितलं असतं ना, तर गेली असती बघा."

त्याला वाटलं मी हसेन. चांगला माणूस आहे. त्याचे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. रागाने नव्हे, मी तिथे नाहीच, असं. ह्यांच्या हातून दूध घेते, दोन घास खाते, बाकी ताटात. मी जवळ गेले की डोळे मिटते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, दुखणं काही नाही, खायला घाला. जसं काही मी लपवून ठेवलंय खायचं. रात्री मी दाराला आतून कडी घालते, वर कुलूप, किल्ली उशाखाली. तुला लिहिलं होतं ना मी, बाहेरून कडी लावून जाशील का म्हणून?

ह्यांना सगळं सांगावं लागलं. डिसेंबरातलंही. इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्यावर आवाज चढवून बोलले नाहीत, परवाही नाही. खूप वेळ जोडे घालत बसले होते, एकच जोडा. मग म्हणाले, "पोरगा गेला त्यात तुझ्या हाती काही नव्हतं, माझ्याही नव्हतं. ही चाललीय ती मात्र तुझ्या हाताने चाललीय." आणि गोठ्याची दोन्ही दारं उघडून, झरोक्याचं गोणपाट फाडून काढलं. आता रोज गोठ्यामागे बादल्या ओततात, चिखल व्हावा म्हणून. ओततात तर ओतोत. पाकोळ्या फिरकल्या नाहीत. दूधवालीच्या गोठ्यात गेल्यात. तिथून त्यांचं बोलणं इकडे ऐकू येतं आणि बारकी भिंतीकडे तोंड करून पडून असते.

मला काय करावं सुचत नाही. माझं डोकं चालत नाही. माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढ. तिला चार अक्षरं लिही, नुसतं तिच्या नावाने. मी फोडणार नाही, वाचणार नाही.

सासू


ता. १७ एप्रिल

सूनबाई,

आधीच्या पत्राच्या उत्तराची वाट न बघता हे टाकते.

काल शाळेतल्या बाईंकडे गेले आणि बारकीचा दाखला मागितला. त्यांनी विचारलं, "कुठल्या शाळेत घालणार?" मी म्हटलं, "तिची आई सांगेल." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लिहायला बसल्या. दाखला माझ्यापाशी आहे.

मी तिला तुझ्याकडे घेऊन येते. दोन दिवसांसाठी नव्हे. ठेवायला.

तुला सुट्टी मिळत नसेल, गाडीभाडं नसेल, या घराचं तोंड बघायचं नसेल, म्हणून तू येऊ नकोस, मी आणते. एका खोलीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. त्या खोलीत तू आहेस, पुरे. तू कामावर गेल्यावर तिला कोण बघेल याचा मी फार विचार केला. तुझ्या शेजारीपाजारी कुणी बाई असेल तर तिला द्यायला लागेल ते मी दरमहा पाठवीन. कुणीच नसेल आणि तुझी हरकत नसेल, तर मी जवळपास कुठेतरी राहीन, दिवसा तिला सांभाळीन आणि तू आलीस की निघून जाईन. ह्यांना इथे एकट्याने राहता येतं, ह्यांनीच सांगितलं. "गाय आहे, पाट आहे, आणि बेडूक मला ऐकू येत नाहीत," म्हणाले. हे सगळं तू म्हणशील तर. नाही म्हणालीस तर मी तिला तुझ्या हाती देऊन त्याच गाडीने परत फिरेन.

ती आता डाव्या कुशीवर झोपते. दुधावरची साय काढून द्यावी लागते. पुढचे दोन दात हलतायत, एक याच आठवड्यात पडेल. अंधाराला भीत नाही, पण पंख्याच्या आवाजाला भिते. मी हे लिहितेय आणि ती पलीकडे पडलेली आहे, जागी आहे, मला कळतं. जाऊन तिला सांगावंसं वाटतंय की आईकडे जायचंय, ऊठ, दोन घास खा. जीभ अगदी दातांपर्यंत येते. पण मी तिला आता काही सांगणार नाही. माझ्या सांगण्यावर ती पुन्हा उठून बसली आणि तुझ्याकडून काहीच आलं नाही, तर यावेळी ती कुणाच्या गाडीला हात दाखवेल कोण जाणे. तुझं अक्षर हातात पडल्याशिवाय नाही.

तू त्याच पत्त्यावर आहेस की खोली बदललीस, हेही मला माहीत नाही. असशील तर कुठे उतरायचं, उतरल्यावर कुणीकडे वळायचं आणि तू कामावरून किती वाजता सुटतेस, एवढं लिही. ये म्हण किंवा नको म्हण. नको असेल तरी लिही. माझ्या नावाने लिहायचं नसेल तर वर तिचंच नाव घाल. पण उलट टपाली कळव, बाळ, उलट टपाली.

बारकीची आजी